मिक्स्ड मेथड्स शिकवायचंय? मग शेवटच्या टेबलपासून सुरू करा

मिक्स्ड मेथड्स म्हणजे एकाच संशोधनात आकडे आणि मुलाखती दोन्ही वापरणं. हा विषय बऱ्याचदा असा शिकवला जातो की आधी कित्येक आठवडे सर्व्हे आणि एसपीएसएस (आकडेवारीचं सॉफ्टवेअर), मग मुलाखती आणि कोडिंग (म्हणजे उत्तरांतल्या मुद्द्यांना लेबलं लावणं), आणि शेवटच्या लेक्चरला "आता दोन्ही एकत्र करा". मग पोरं तरी काय करणार, रिपोर्टच्या चौथ्या चॅप्टरात आकडे, पाचव्यात लोकांची वाक्यं, दोघांची भेटच नाही.

म्हणून मी उलटं करतो. पहिल्याच तासाला जॉइंट डिस्प्लेचं रिकामं टेबल द्यायचं. तीन कॉलम: आकडे काय सांगतात, माणसं काय सांगतात, आणि दोन्ही शेजारी ठेवल्यावर नवीन काय कळतं. समजा ऑनलाइन लेक्चर्सच्या सर्व्हेत समाधान 5 पैकी 4.2 आलं, आणि मुलाखतीत तीच मुलं म्हणतायत कॅमेरा बंद करून झोपतो. भरा तिसरा कॉलम! बरेच जण "सर्व्हे चुकला" लिहून मोकळे होतात, तिथेच अडवायचं. सर्व्हे भरणाऱ्यांनी समाधान म्हणजे सोय असं धरलं असेल, आपण शिकणं धरलं होतं, की मुलाखतीला वेगळ्याच प्रकारची मुलं आली? न जुळणारा डेटा फेकायचा नसतो, यावर एक अख्खा तास गेला तरी चालेल.

डिझाइन्स सुरुवातीला तीनच पुरे. कन्व्हर्जंट म्हणजे दोन्ही डेटा साधारण एकाच वेळी, एक्स्प्लनेटरी सिक्वेन्शियल म्हणजे आधी आकडे मग ते तसे का आले हे विचारायला मुलाखती, आणि एक्स्प्लोरेटरी म्हणजे आधी मुलाखती, त्यातून प्रश्नावली. व्याख्या पाठ करून घेऊ नका, आकृती काढायला लावा. संशोधक जॅनिस मोर्स यांची 1991 ची खुणांची पद्धत इथे मस्त कामाला येते: जास्त वजनाची पद्धत कॅपिटल अक्षरांत, एकत्र चालली तर अधिकचं चिन्ह, मागोमाग असेल तर बाण.

आता एक बारीक पण जीवघेणी गोष्ट. एका ग्रुपने सर्व्हे पूर्ण निनावी ठेवला आणि मग कमी स्कोअरवाल्यांना मुलाखतीला बोलवायचं ठरवलं... बोलवणार कुणाला? फॉर्ममध्येच कोड नंबर आणि पुन्हा संपर्क करायची परवानगी घ्यायला सांगा, पायलटच्या (चाचणी सर्व्हेच्या) आधी.

एका सेमिस्टरमध्ये एक्स्प्लोरेटरी शक्यतो देऊच नका, प्रश्नावली बनवून तपासण्यातच वेळ संपतो. आणि मार्क देताना तिसऱ्या कॉलमला निदान 40 टक्के ठेवा, नाहीतर तो कुणी मनापासून भरत नाही.