कोकणात गाडीवर वायरलेस बसवताय? या चुका टाळा

आंबा घाट उतरताना किंवा दापोलीकडून आंजर्ल्याला आतल्या रस्त्याने जाताना मोबाइलची रेंज किती बेभरवशाची असते, ते इकडे फिरणाऱ्यांना ठाऊक आहे. म्हणून चार गाड्या एकत्र निघाल्या की वायरलेसची आठवण होते. बहुतेक जण आधी सेट घेतात, अँटेना मिळेल तिथे लावतात आणि परवान्याचं सगळ्यात शेवटी बघतात. क्रम नेमका उलटा हवा.

परवाना न बघता सेट घेणे

ऑनलाइन मिळणारे स्वस्त हँडसेट १३६ ते १७४ आणि ४०० ते ४८० मेगाहर्ट्झमध्ये कुठेही बोलू शकतात. सेट बोलू शकतो म्हणून आपल्याला परवानगी आहे, असं होत नाही. १५६.८ मेगाहर्ट्झ, म्हणजे सागरी चॅनेल १६, याच पट्ट्यात येतो आणि तो संकटातल्या बोटींसाठी राखलेला आहे. हर्णैच्या किनाऱ्यावरून त्यावर ‘चहाला थांबू या’ असं बोललात, तर एखाद्या खलाशाची मदतीची हाक त्याखाली दबू शकते. हे कृपा करून कधीही करू नका.

परवान्याशिवाय दोन वाटा आहेत. एक सिटिझन बँड, म्हणजे सर्वसामान्यांसाठी खुला ठेवलेला पट्टा, २६.९५७ ते २७.२८३ मेगाहर्ट्झ, ५ वॅटपर्यंत आणि अँटेना सेटमध्येच असलेला. दुसरी ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झमधले कमी ताकदीचे, सरकारी मान्यता असलेले हँडसेट. गाड्या एकमेकींच्या नजरेच्या टप्प्यात ठेवणार असाल तर हे पुरतात. पत्र्याच्या गाडीत सिग्नल अडतो, म्हणून बोलताना सेट काचेजवळ धरा.

टपावर अँटेना लावून जास्त ताकदीने बोलायचं असेल तर हॅम, म्हणजे हौशी रेडिओचा, परवाना काढा. त्यासाठी दूरसंचार विभागाची परीक्षा द्यावी लागते, आणि प्रत्येक गाडीत बोलणाऱ्याकडे स्वतःचा परवाना लागतो. चालत्या गाडीतून वापरण्याबद्दल परवान्यात काय लिहिलंय तेही वाचा. पर्यटनाच्या धंद्यासाठी हॅम बँड वापरता येत नाही.

वॅटच्या मागे लागणे

५ वॅटचा सेट काढून ५० वॅटचा घेतला तरी डोंगर आडवा असेल तर फारसा फरक पडत नाही. सड्यावर, म्हणजे उघड्या कातळाच्या पठारावर चढलात की साधा सेटही लांब बोलतो, आणि घळीत उतरलात की महागडाही गप्प होतो. जास्तीचा पैसा अँटेना, केबल आणि जोडणीवर घाला.

अँटेनातही जाहिरातीतल्या ‘हाय गेन’ला भुलू नका. असा अँटेना आपली शक्ती क्षितिजाच्या दिशेने चपटी करतो. सपाट मुलखात ते चांगलं, पण घाटात समोरची गाडी दोन वळणं वर किंवा खाली असते. १४४ ते १४६ मेगाहर्ट्झच्या हॅम बँडसाठी पाव तरंगलांबीचा, म्हणजे साधारण अर्ध्या मीटरचा साधा दांडा इथे जास्त उपयोगी. तो पत्र्याच्या टपाच्या मधोमध लावा, कारण खालचा पत्रा हा अँटेनाचाच अर्धा भाग असतो. कापडी किंवा फायबरचा टप असेल तर बोनेटच्या कडेला ब्रॅकेट लावा, नाहीतर पत्र्याची गरज नसलेला अर्ध्या तरंगलांबीचा अँटेना घ्या. वाडीतल्या अरुंद रस्त्यांवर फणसाच्या फांद्या आणि खाली लोंबणाऱ्या विजेच्या तारा असतात, म्हणून दांडा लवचिक आणि सहज काढता येणारा हवा. तारा दिसल्या की आधी तो उतरवा.

खाऱ्या वाऱ्याला विसरणे

कोकणात सेटपेक्षा जोडण्याच आधी दगा देतात. अँटेना टपाला धरून ठेवणाऱ्या चुंबकी बैठकीखाली मीठ आणि जांभ्याची लाल धूळ साठून टपाचा रंग जातो, मग गंज धरतो. मुक्कामाला पोहोचलात की ती उचलून ओल्या फडक्याने पुसा. कनेक्टरवर स्वतःलाच चिकटणारी रबरी टेप ताणून गुंडाळा; साधी इन्सुलेशन टेप पावसाळ्यात सुटते. केबलमध्ये एकदा पाणी शिरलं की ती सुकवत बसू नका, बदला.

बिघाड ओळखताना

बोलायचं बटण दाबताच सेट बंद पडून पुन्हा सुरू होत असेल तर वीज कमी पडते आहे. मोठा सेट सिगारेट लायटरच्या सॉकेटवर चालवू नका. थेट बॅटरीपासून जाड वायर आणा आणि बॅटरीजवळच फ्यूज घाला. ॲक्सिलरेटरबरोबर चढणारी शिट्टी ऐकू येत असेल तर ती अल्टरनेटरची. तीही या जोडणीने बहुतेक वेळा कमी होते.

सिग्नलचा दिवा लागतो पण आवाज येत नाही, तेव्हा दोन सेटचे टोन, म्हणजे आवाजासोबत जाणारा आणि समोरच्या सेटचा आवाज उघडणारा ठरावीक सूर, जुळताहेत का ते बघा. तुम्हाला सगळं ऐकू येतं पण तुमचं कुणालाच पोहोचत नाही, तर एसडब्ल्यूआर मीटर लावा; अँटेनाकडे पाठवलेली शक्ती किती परत फिरते, ते त्यावरून कळतं. १.५ च्या आत असेल तर उत्तम. ३ च्या वर गेला तर बोलणं लगेच थांबवा, नाहीतर सेटचा आउटपुट भाग जळू शकतो. आधी कनेक्टर उघडून आत हिरवट थर आहे का ते पाहा.