काढणीच्या दिवसांत चावे आणि डंख : ओळख, उपचार आणि बचाव

पाऊस ओसरू लागला की काढणीची घाई सुरू होते, आणि नेमकं याच दिवसांत बांधावरचं गवत कमरेएवढं झालेलं असतं. हात पिकात, पाय गवतात, त्यामुळे काही ना काही चावतंच. बहुतेक चावे दोन-तीन दिवसांत आपोआप बरे होतात. काही मात्र जिवावर बेततात, आणि त्यांचे दोन प्रकार आहेत. एक काही मिनिटांत घात करतो, दुसरा आठ-दहा दिवसांनी. पहिल्याची धास्ती सगळ्यांनाच असते. दुसऱ्याकडे साधा ताप म्हणून दुर्लक्ष होतं.

आधी मधमाशीचं बघू. तिचा काटा दातेरी असल्यामुळे कातडीत अडकून राहतो. माशी मरते, पण काट्याला चिकटलेली विषाची पिशवी आकसत राहते आणि विष आत ढकलत राहते. म्हणून काटा दिसताक्षणी काढा. नखाने खरवडा नाहीतर चिमटीत धरून उपसा, कसा काढला यापेक्षा किती लवकर काढला याला महत्त्व आहे. गांधीलमाशी काटा मागे ठेवत नाही, आणि ती पुन्हा पुन्हा डसू शकते.

डंखाबरोबर जो वास सुटतो, त्याने बाकीच्या मधमाश्या चवताळून त्याच माणसावर चाल करून येतात. त्यामुळे मोहोळ उठलं तर उभ्या जागी माश्या झटकत राहू नका. तोंड-नाक कपड्याने झाकून पळा आणि घर किंवा गाडी गाठून दार लावून घ्या. पाण्यात उडी मारू नका, डोकं वर येईपर्यंत माश्या वरच घिरट्या घालत असतात. एकदम पन्नासएक डंख झाले असतील (लहान मुलाला त्याहून कमी), तर बरं वाटत असलं तरी दवाखाना गाठाच. इतकं विष स्नायू आणि मूत्रपिंडांना इजा करतं आणि ते लगेच कळत नाही. लघवी लालसर-तपकिरी होणं ही त्याची खूण आहे.

काही माणसांना मात्र एकच डंख पुरतो. डंखाच्या जागेपासून दूर, सगळ्या अंगावर पित्त उठणं, ओठ-जीभ-पापण्या सुजणं, आवाज बसणं, श्वास लागणं, उलट्या, चक्कर, डोळ्यांपुढे अंधारी, यांतलं काहीही काही मिनिटांपासून तासाभरात दिसलं तर ती तीव्र अ‍ॅलर्जी आहे. यावर औषध एकच : मांडीच्या स्नायूत दिलेलं अ‍ॅड्रेनॅलिनचं इंजेक्शन. सेटिरिझिनची गोळी देऊन वाट बघण्यात माणूस जातो. रुग्णाला आडवं करून पाय उंच ठेवा. धाप लागली असेल तर टेकवून बसवा. चालवत मात्र नेऊ नका. इंजेक्शननंतर बरं वाटलं तरी लगेच घरी आणू नका, काही तासांनी त्रास उलटू शकतो. ज्याला एकदा असं झालंय त्याने मोहोळाजवळचं काम घेऊ नये, आणि हे सोबतच्या सगळ्यांना सांगून ठेवावं.

साध्या डंखाला साबण-पाण्याने धुणं आणि कपड्यात गुंडाळलेला बर्फ दहा-पंधरा मिनिटं ठेवणं पुरेसं असतं. हाताला डंख असेल तर अंगठी, बांगड्या सूज येण्याआधीच काढा. खाज असेल तर कॅलामाइन लावा. सूज दुसऱ्या दिवशी वाढते, मोठी दिसते, आणि तरीही ती बहुतेक वेळा जंतुसंसर्गाची नसते. दोन-तीन दिवसांनंतरही लाली पसरत राहिली, पू आला किंवा ताप भरला, तर मात्र डॉक्टरांना दाखवा. चिरा देणं, तोंडाने चोखणं, दोरीने आवळणं यांतलं काहीही करू नका.

दिव्याभोवती येणारा एक कीटक चावत नाही तरी भाजतो. पिडेरस नावाचा हा भुंगेरा सेंटिमीटरभरही नसतो. अंग नारिंगी, डोकं आणि शेपटीचं टोक काळं, मधे निळसर चमक. पटकन बघितलं तर मुंगीच वाटते. अंगावर बसल्यावर आपण तो चिरडतो, आणि त्याच्या अंगातला रस कातडीवर ओढला जातो. दुसऱ्या दिवशी तिथे चटका बसल्यासारखी लांबट लाल रेघ उठते, मग फोड येतात. कोपराच्या वळणात ठसा दोन्ही बाजूंना उमटतो. हा भुंगेरा दिसला तर फुंकर मारून उडवा, रस लागल्यास लगेच साबणाने धुवा आणि तो हात डोळ्याला लावू नका. भातातले तुडतुडे तो खातो, म्हणून शेतात त्याला मारायचं कारण नाही. रात्री दिवा दारापासून लांब लावा.

केसाळ अळी अंगाला लागली तर चोळू नका. चिकटपट्टी दाबून उचला, केस तिच्याबरोबर निघतात, मग धुवा.

आता उशिरा घात करणाऱ्या चाव्याकडे. उंदीर जिथे फिरतात त्या गवता-झुडपांत माइट या जिवाच्या बारीक अळ्या असतात, डोळ्यांना जवळजवळ न दिसणाऱ्या. त्या चावल्याचं कळतही नाही. त्यांच्यातून स्क्रब टायफसचे जंतू शरीरात जातात, आणि साधारण सहा ते एकवीस दिवसांत थंडी वाजून ताप, कपाळ फुटेल अशी डोकेदुखी आणि अंगदुखी सुरू होते. चावल्या जागी काळी खपली धरते, सिगारेटचा चटका बसावा तशी, भोवती लाल कडं. ती दुखत नाही, खाजत नाही, म्हणून कुणी बघत नाही. काख, जांघ, कंबरपट्ट्याखाली, गुडघ्यामागे, स्त्रियांमध्ये स्तनांखाली शोधावी लागते. गवतात काम केल्यावर तीन आठवड्यांत ताप आला तर घरातल्या माणसाकडून अंग नीट तपासून घ्या. खपली सापडली नाही तरी आजार नाही असं समजू नका. डॉक्टरांना आवर्जून सांगा : मी गवत कापत होतो, इतक्या दिवसांपूर्वी. डॉक्सिसायक्लिन हे साधं औषध वेळेत मिळालं तर ताप बहुधा दोन दिवसांत उतरतो. उशीर झाला तर फुप्फुसं, मूत्रपिंडं, मेंदू यांवर जातं. औषध स्वतःच्या मनाने घेऊ नका. गरोदर स्त्रियांना वेगळं द्यावं लागतं.

गोचीड चिकटली तर जाळू नका, रॉकेलही ओतू नका. चिमट्याने कातडीलगत धरून सरळ वर ओढा. जनावरांच्या गोचिड्या उघड्या बोटांनी चिरडणं थांबवा, त्यांच्या रक्तातून माणसाला रक्तस्रावी ताप होऊ शकतो. हातमोजे घालून काढा.

बचावासाठी फुल बाह्या, पायमोज्यांत खोचलेली पँट आणि बंद बूट. उघड्या कातडीवर डीट (कीटकांना दूर ठेवणारं औषध) असलेलं मलम लावा, पिकावर फवारायचं कीटकनाशक अंगाला किंवा कपड्यांना कधीच नको. जेवायला, टेकायला गवतावर बसू नका, ताडपत्री अंथरा. घरी आल्या आल्या अंघोळ करा, कामाचे कपडे गरम पाण्यात धुवा. हौदातलं, टायरमधलं साचलेलं पाणी आठवड्यातून एकदा ओता. डासाची अळी तेवढ्यात वाढते.

आणि खळ्यावर जमिनीवर झोपणाऱ्यांनी मच्छरदाणी गादीखाली खोचूनच झोपावं. मण्यार रात्री चावते तेव्हा दुखत नाही, खूणही धड दिसत नाही, आणि माणूस कीटक चावला म्हणून पुन्हा झोपतो. पहाटे पोटात कळ, पापण्या जड, बोलायला-गिळायला अडचण असं काही जाणवलं तर चाव्याची खूण शोधत बसू नका, प्रतिसर्पविष असलेल्या रुग्णालयात ताबडतोब न्या.