शाहू जन्मस्थळ आणि गुऱ्हाळ: एका दिवसाची शालेय सहल कशी आखावी

कोल्हापूरच्या कसबा बावड्यातला लक्ष्मी विलास पॅलेस, म्हणजे राजर्षी शाहू महाराजांचे जन्मस्थळ, आणि पंचगंगेकाठचे उसाचे मळे एकमेकांना इतके जवळ आहेत की दोन्ही एका दिवसात निवांत बघून होतात. तरी बऱ्याच सहली फसतात, आणि कारण जवळपास एकच असते: वाड्याची वेळ आधी ठरते, मग "जाता जाता गुऱ्हाळ". आखणी उलटी करा. वाडा तुमच्यासाठी थांबतो, काहील (उसाचा रस उकळायची भली मोठी कढई) थांबत नाही.

एक आदण, म्हणजे रस काहिलीत पडल्यापासून गूळ उतरेपर्यंत, साधारण अडीच ते तीन तास चालते. पहिला तास मुलांना दिसते ते फक्त गढूळ हिरवट पाणी. बघण्यासारखे सगळे शेवटच्या पाऊण तासात आहे. म्हणून आदल्या संध्याकाळी गुऱ्हाळमालकाला फोन करून नेमके विचारा, "उद्याचं दुसरं आदण किती वाजता उतरेल?" उत्तर साडेबारा आले, तर पावणेबाराला तिथे पोहोचा आणि वाडा त्याआधी, 10 ते 11.15 मध्ये बसवा. सकाळी निघताना पुन्हा एक फोन करा. वीज गेली किंवा ऊस पिळायचा घाणा अडकला की तासभर सहज पुढे जाते. असे झाले तर वाड्यातून लवकर निघू नका, डबे आधी उरकून घ्या.

दिवाळीनंतर गुऱ्हाळे जोरात असतात, डिसेंबर-जानेवारी सहलीला उत्तम. शासकीय वास्तूंना बहुधा सोमवारी सुट्टी असते, तेव्हा मंगळवार ते शुक्रवार पाहा. शिक्षण विभागाची परवानगी, पालकांची संमतीपत्रे आणि एसटीचे आरक्षण यांना तीन आठवडे हाताशी ठेवा. शालेय सहलीला एसटी भाड्यात 50 टक्के सवलत देते, पण त्यासाठी मुख्याध्यापकांच्या सहीचे पत्र आणि विद्यार्थ्यांची यादी लागते. एका गाडीत 40 मुले, 4 शिक्षक, त्यात किमान एक शिक्षिका. दहा मुलांमागे एक मोठे माणूस हे प्रमाण गुऱ्हाळावर तर अजिबात मोडू नका.

वाड्यात सगळ्या वर्गाला एकदम आत नेले की मागच्या मुलांना काहीच ऐकू येत नाही आणि ती भिंतींना हात लावत बसतात. दहा-दहाचे गट करा. एक गट आत, बाकीचे बाहेर कामात: पायऱ्या मोजणे, खिडकीच्या कोनाड्यात भिंतीची जाडी विती लावून मोजणे, आवडलेल्या एका भागाचे चित्र काढणे. माहिती थोडी सांगा, पण पुढच्या थांब्याला जोडून सांगा. कागलच्या घाटगे घराण्यातला यशवंतराव इथे 1874 मध्ये जन्मला, 1884 मध्ये कोल्हापूरच्या गादीवर दत्तक गेला आणि 1894 मध्ये शाहू महाराज म्हणून कारभार हाती घेतला. लगोलग गुळाच्या व्यापारासाठी शाहूपुरी पेठ वसली. भोगावतीवर राधानगरी धरणाचे काम त्यांच्याच काळात सुरू झाले, आणि भोगावतीचे पाणी पुढे पंचगंगेला मिळते. एवढे कानावर पडले की उसाच्या बांधावर मुले आपणहून विचारतात, "हे तेच पाणी का?" सनावळ्या पाठ करून घ्यायची गरज उरत नाही.

मळ्यात बांधावरच थांबा, सरीत उतरवू नका. उसाचा पाला अंग कापतो, आत सापाची भीती असते. पूर्ण बाह्या आणि बंद बूट हवेतच. मालकाकडून तोडलेले दोन ऊस मागून घ्या: पेरी मोजा, लांबी मोजा, वजन करा. 100 किलो उसातून साधारण 10 ते 12 किलो गूळ पडतो. त्यावरून आपल्या उसाचा गूळ किती, हे गणित सातवीची मुले तिथेच सोडवतात.

आता गुऱ्हाळ. मुले यायच्या आधी एका शिक्षकाने पुढे जाऊन काहिलीपासून 3 मीटरवर जमिनीवर फक्कीची रेघ ओढावी. मैदान आखायची फक्की चालते. चुलवाणाच्या तोंडाकडे, जिथून चिपाड आत सारतात, आणि घाण्याकडे कुणालाच जाऊ देऊ नका. ओढण्या, मफलर, गळ्यातली ओळखपत्रे गाडीतच काढून ठेवा. उकळता पाक पाण्यापेक्षा जास्त तापलेला असतो आणि अंगाला चिकटून राहतो, त्यामुळे थेंबानेही खोल भाजते. भाजलेच तर 20 मिनिटे गार वाहते पाणी, त्यावर टूथपेस्ट किंवा हळद नाही, आणि थेट दवाखाना. गोडावर मधमाश्या घोंघावतातच. हात न झटकता उभे राहायचे, हे गाडीतच सांगून ठेवा. कुणाला मधमाशीची ॲलर्जी आहे का, ते संमतीपत्रातच विचारलेले असावे.

रेघेमागे उभे राहून काय बघायचे ते क्रमाने दाखवा. रानभेंडीचे ठेचलेले दांडे पाण्यात भिजवून काढलेला बुळबुळीत चीक रसात पडला की कचरा त्यात अडकून वर येतो. हीच मळी, ती झाऱ्याने काढून टाकतात. मग फेस काहिलीच्या काठापर्यंत चढतो आणि गुळव्या, म्हणजे गूळ करणारा कारागीर, चार थेंब तेल टाकतो. फेस झटकन बसतो, पोरे ओरडतात. रंग हिरव्याचा पिवळा, पिवळ्याचा तांबूस होत जातो. काकवीचा (पातळ गुळाचा) टप्पा साधारण 105 अंश सेल्सिअसवर, गुळाचा 115 च्या पुढे. पण गुळव्याकडे तापमापक नसतो. तो चिमूटभर पाक गार पाण्यात सोडतो आणि बोटांनी गोळी वळून पाहतो. ही गोळी प्रत्येक गटातल्या एका मुलाला, पाण्यातून काढून पूर्ण गार झाल्यावर, हातात द्यायला सांगा. पाठ्यपुस्तकातले "संपृक्त द्रावण" तिथे बोटांना कळते.

काहील उचलून वाफ्यात, म्हणजे गूळ गार करायच्या उथळ हौद्यात, ओतायच्या वेळी सगळ्यांना आणखी दोन पावले मागे घ्या. सर्वात धोक्याचा क्षण हाच, आणि मुले नेमकी तेव्हाच पुढे सरकतात.

रस प्रत्येकाला अर्धा पेलाच, तोही जेवण झाल्यावर, आणि बर्फ नको. उपाशीपोटी पोटभर रस आणि वर काकवी झाली, की परतीच्या गाडीत उलट्या ठरलेल्या. हात-पाय धुवायला 20 लिटरचे दोन कॅन सोबत न्या, चिकट बुटांना मुंग्या घरापर्यंत येतात. गुऱ्हाळमालकाचा तासभर तुम्ही घेतलेला असतो, म्हणून फुकट चाखून निघू नका. किलोच्या काही ढेपा शाळेसाठी विकत घ्या.

त्यातला एक तुकडा घट्ट झाकणाच्या बरणीत आणि एक उघड्या ताटलीत वर्गात ठेवा. जूनमध्ये शाळा उघडून पाऊस लागला की उघडा तुकडा हवेतले पाणी ओढून पाघळतो, बरणीतला तसाच राहतो. ताटली पाण्याच्या परातीत ठेवा, नाहीतर जूनपर्यंत तुकडा मुंग्याच संपवतील.