लाईन घेताना या चुका टाळा, नाहीतर मासा पण जाईल आणि ल्युअर (नकली आमिष) पण

पाऊस कमी झाला, खाडीचं पाणी जरा निवळलं की मेसेज सुरू होतात. "दादा, जबरदस्त मासा लागलेला, लाईन तुटली, कुठली लाईन घेऊ?" मी उलट विचारतो, तुटलेलं टोक कसं होतं? उत्तर शून्य. टोक कोणी बघतच नाही, रागाने रील गुंडाळतात आणि थेट दुकानात जाऊन आधीपेक्षा जाड लाईन घेऊन येतात.

तर पहिल्यांदा टोक बघायला शिका. टोक डुकराच्या शेपटीसारखं गोल वळलेलं असेल तर लाईन तुटलेलीच नाही, तुमची गाठ सुटलीय. टोक पांढरट, खरवडलेलं असेल आणि वरची फूट-दोन फूट लाईन पण खडबडीत लागत असेल तर खडपाला (पाण्यातल्या खडकाला) घासलीय. एकदम साफ कापलेलं असेल तर दात किंवा कालव. तिन्हीचं औषध वेगळं आहे आणि त्यातल्या एकाचंही औषध "जाड लाईन घ्या" एवढं सोपं नाहीये.

माझं म्हणणं एकच आहे. लाईन माशाच्या वजनावर निवडू नका, तळ बघून निवडा. वाळू आहे, खडप आहे, खाजणातली मुळं आहेत की धरणातलं शेवाळ, हे आधी ठरवा. मासा किती किलोचा लागेल हे कोणाच्या हातात आहे? तळ मात्र ओहोटीला जाऊन डोळ्यांनी बघता येतो, पण तेवढा पेशन्स हवा.

खडपावर ब्रेडेड (विणलेली लाईन) थेट ल्युअरला बांधणं

हा माझा सगळ्यात नावडता प्रकार. रत्नागिरीकडच्या एका खडपावर मित्राच्या ओळखीने एक पोरगा आला होता पुण्याहून. नवा रॉड, नवं रील, चार पदरी २० पाउंड ब्रेडेड, हिरवीगार. आणि ती सरळ ल्युअरच्या कडीला बांधलेली. मी म्हटलं, अरे लीडर (पुढचा जाड तुकडा) लाव, खाली सगळी कालवं आहेत. तर म्हणाला, "व्हिडिओत डायरेक्ट बांधतात दादा, जॉइंटच्या गाठीने ताकद कमी होते." बरं बाबा. शेजारी एक म्हातारे तात्या हाताने तंगूस (साधी नायलॉनची लाईन) टाकून बसले होते, ते नुसते हसले.

थोड्या वेळाने तांबोशी लागली. तांबोशी लागली की तुमच्याकडे येत नाही, ती सरळ आपल्या बिळाकडे जाते, खडकाच्या खाली. रॉड वाकला, पोरगा ओरडला, आणि फट्. रॉड सरळ. मासा गेला, महागडी ल्युअर गेली. याने परत दुसरी थेट बांधली! ती अडकली. मग त्याने लाईन हाताला दोन वेढे घेऊन ओढली आणि बोटावर असा चिरा पडला की रुमाल बांधून घरी जायची पाळी आली. तात्यांनी त्या वेळात तंगुसावर एक बऱ्यापैकी काळुंद्र काढलं, हे मुद्दाम सांगतोय.

आता हे का होतं ते समजून घ्या म्हणजे परत होणार नाही. ब्रेडेड म्हणजे पॉलिथिलीनचे अतिशय बारीक तंतू, डायनिमा किंवा स्पेक्ट्रा या नावाने जे येतात ते, एकमेकांत विणलेले. सरळ ओढलं तर प्रचंड ताकद, त्याच जाडीच्या नायलॉनच्या कितीतरी पट. पण ताणलेल्या अवस्थेत धारदार कडेला टेकलं की एकेक बारीक तंतू कापला जातो, आणि एक गेला की त्याचा भार बाकीच्यांवर येतो, मग ते पण जातात, हे सगळं एका क्षणात. नायलॉन म्हणजे आपलं साधं तंगूस हा एकच सलग गोल धागा असतो, त्याला चरा पडतो, खरवडतो, पण बराच वेळ धरून राहतो. शिवाय नायलॉन ताणलं की चांगलं वीस-पंचवीस टक्के लांबतं, त्यामुळे झटका खाऊन घेतं. ब्रेडेड जेमतेम तीन-चार टक्के. म्हणजे माशाचा प्रत्येक झटका थेट गळावर, गाठीवर आणि तुमच्या मनगटावर.

म्हणून मी काय करतो, तर खडपावर ब्रेडेडच्या पुढे रॉडच्या लांबीएवढा तरी लीडर लावतोच, ३० ते ४० पाउंडचा, जाड मोनो (सलग नायलॉन) किंवा फ्लोरो (फ्लोरोकार्बन, त्याबद्दल पुढे). खाडीत जिताड्यासाठी ४० च्या खाली जात नाही कारण जिताड्याच्या गालफडाची कड ब्लेडसारखी असते आणि तोंड आतून खरखरीत, झुंज लांबली की लीडर तिथेच झिजतो. जोडायला एफजी नॉट (गाठीचा प्रकार) उत्तम, गाइडमधून (रॉडवरच्या कड्यांतून) सटकन जातो. जमत नसेल तर डबल युनी बांधा, जरा जाड होतो पण धरतो. वाऱ्यात खडकावर उभं राहून पहिल्यांदा एफजी बांधायला जाऊ नका, घरी पंख्याखाली बसून शिका. आणि अडकलेली लाईन सोडवायला ती काठीला किंवा पक्कडीला गुंडाळून ओढा, हाताला कधीच नाही. रॉड वाकवून तर अजिबात नाही, टिप तुटेल.

स्पूलवरचा आकडा खरा मानणं

दुसरी माझी आवडती चूक. दुकानात जायचं आणि विचारायचं, "वीस किलोची दाखवा." दुकानदार दाखवतो, त्याला काय. एकदा असंच एकाने मला एक स्पूल आणून दाखवला, विदेशी वाटणारं नाव, ०.३० मिमी नायलॉन आणि पुढे लिहिलंय २५ किलो, आणि किंमत वडापावच्या चार प्लेटएवढी. आता ०.३० मिमीचं प्रामाणिक नायलॉन साधारण सहा किलोच्या आसपास तुटतं. २५ किलो कुठून आणणार? आम्ही ती लाईन एका लेथवाल्या मित्राकडे नेऊन मायक्रोमीटर लावला, तर निघाली जवळपास ०.४०. म्हणजे जाडी कमी सांगितली आणि ताकद वाढवून सांगितली, दोन्हीकडून फसवणूक. ते बिचारं पोर ड्रॅग (मासा ओढताना लाईन सोडणारा रीलचा ब्रेक) पूर्ण आवळून बसलं होतं, लाईन २५ किलोची आहे ना!

आकडा वाचायचाच असेल तर जाडी आधी वाचा, ताकद नंतर. जपानी लाईनवर नंबर असतात, त्यात नायलॉनचा १ नंबर म्हणजे ०.१६५ मिमी. ब्रेडेडवर पीई १, पीई २ असं असतं, पीई २ म्हणजे चांगल्या कंपनीचं साधारण ३० पाउंडच्या आसपास. पाउंड आणि किलोत पण लोक घोळ घालतात, २० पाउंड म्हणजे फक्त ९ किलो, २० किलो नव्हे.

आणि विश्वास नसेल तर घरीच तपासा, यात रॉकेट सायन्स काही नाही. बॅगा मोजायचा हुकवाला डिजिटल काटा सगळ्यांकडे असतो. लाईनचं एक टोक गुळगुळीत पाईपला सहा-सात वेढे देऊन धरा, दुसरं टोक काट्याच्या हुकला तसंच वेढे देऊन, आणि हळूहळू ओढा, डोळ्यावर चष्मा घालून. गाठ मारायची नाही, कारण आधी लाईनची ताकद बघायचीय. मग तीच लाईन तुमच्या नेहमीच्या गाठीने बांधून परत ओढा. दोन आकड्यांमधला फरक बघून बऱ्याच जणांचं तोंड उतरतं. नायलॉन असेल तर तासभर पाण्यात भिजवून ओढा, नायलॉन पाणी पितं आणि ओलं झालं की थोडं कमजोर होतं, आणि आपण काय कोरड्यात गरवतो का?

ड्रॅग त्या खऱ्या आकड्याच्या पाव ते एक तृतीयांश. बस.

"फ्लोरो पाण्यात दिसत नाही" म्हणून अख्खं रील फ्लोरोने भरणं

१९७१ साली जपानच्या कुरेहा कंपनीने फ्लोरोकार्बनची लाईन आणली, तिचा मूळ फायदा खरा आहे. प्रकाश वळवण्याचा तिचा आकडा १.४२ च्या आसपास, पाण्याचा १.३३, नायलॉनचा १.५३ च्या पुढे. म्हणजे फ्लोरो पाण्याच्या जरा जवळ. पण "अदृश्य" वगैरे नाही हो. आणि आपल्या खाडीच्या गढूळ पाण्यात, जिथे स्वतःचा पाय दिसत नाही, तिथे माशाला लाईन दिसेल म्हणून काळजी कसली करताय? फ्लोरो घ्यायचं तर ते घासायला चिवट आहे, पाणी पीत नाही आणि लवकर बुडतं म्हणून घ्या, आणि फक्त लीडरपुरतं घ्या. अख्ख्या रीलवर भरलं की कडकपणामुळे स्पिनिंग रीलवरून वेटोळी उडतात, आणि खिसा रिकामा होतो तो वेगळाच.

शिवाय बाजारात नायलॉनवर पातळ फ्लोरोचा मुलामा देऊन "फ्लोरो" म्हणून विकणारे पण आहेत. ओळखायची माझी पद्धत सांगतो. पेल्यात पाणी घ्या, त्यात मीठ टाकत ढवळत राहा, मीठ विरघळायचं थांबेपर्यंत. त्यात लाईनचा छोटा तुकडा बोटाने पूर्ण बुडवा, बुडबुडे झटका. खरं फ्लोरो दगडासारखं तळाला जातं, त्याची घनता १.७८. नायलॉन १.१४ वालं, ते त्या घट्ट मिठाच्या पाण्यात वर येतं. मुलामावालं पण बहुतेक वरच येतं किंवा मधे लटकतं. पाच रुपयाच्या मिठात निकाल.

बाकीच्या, पटपट

गाठ आवळताना थुंकी न लावणं. नायलॉन आणि फ्लोरो कोरडं आवळलं की घर्षणाने तापतं आणि गाठीतच मरतं. एवढी साधी गोष्ट, तरी दहा वेळा सांगावी लागते.

ब्रेडेडला नायलॉनची गाठ मारणं. ब्रेडेड निसरडं असतं, साधी क्लिंच सुटते, पालोमर मारा.

ब्रेडेड थेट रिकाम्या स्पूलवर गुंडाळणं. मासा लागला की अख्खी लाईन स्पूलवरच गोल फिरते आणि तुम्हाला वाटतं ड्रॅग खराब झाला. खाली आधी दहा-पंधरा वेढे तंगूस घ्या.

स्पूल काठोकाठ भरणं. दोन-तीन मिमी कड मोकळी सोडा, नाहीतर पहिल्याच कास्टला (फेकीला) असा गुंता येईल की संध्याकाळ त्यातच जाईल. आणि भरताना ओल्या फडक्यात धरून ताण देऊन भरा, सैल भरलेली ब्रेडेड स्वतःच्याच वेढ्यांत घुसते.

छोट्या रीलवर कपडे वाळत घालायच्या दोरीएवढं तंगूस. ३००० साइझच्या रीलवर ०.६० मिमी भरून येतात आणि विचारतात कास्ट लांब का जात नाही. वजन १५ ग्रॅमचं आणि दोरी जहाज बांधायची, कशी जाणार?

सुरमईला आणि टोळाला नुसता फ्लोरो. दात बघितलेत का त्यांचे? बारीक स्टीलची वायर लावा, वीतभर पुरते.

जुनं तंगूस. गाडीच्या काचेजवळ उन्हात वर्षभर पडलेला स्पूल घेऊन येतात, "नवीनच आहे दादा, वापरलाच नाही." नायलॉनला ऊन खातं, वापरा किंवा नका वापरू. मी मोनो दरवर्षी बदलतो, स्वस्त आहे, रडायचं काय त्यात. ब्रेडेड काही वर्षं चालतं, एका बाजूचं झिजलं की उलटं भरा, आतलं नवंकोरं वर येतं. आणि समुद्रावरून आल्यावर गोड्या पाण्याने धुवा. प्रत्येक वेळी गरवून झाल्यावर पुढची दोन-तीन मीटर लाईन बोटांतून फिरवायची, खरखर लागली की कापून टाकायची, ही सवय लागली की निम्म्या तक्रारी संपतात.

धरणावर सायप्रिनस (कार्प) किंवा रोहूला पिठाच्या गोळ्यावर ब्रेडेड वापरणारे पण भेटतात. कशाला? तिथे तळ मऊ, माशाचं तोंड मऊ, नायलॉनचा ताणच तुमच्या कामाचा आहे. ब्रेडेड मरळीला ठेवा, ती शेवाळात घुसते तेव्हा शेवाळ कापत बाहेर काढायला तीच लागते.

आणि ती कापलेली लाईन तिथेच टाकून यायची नाही. २०१७ मध्ये हरित लवादाने नायलॉन मांज्यावर देशभर बंदी घातली ती पक्षी आणि माणसं कापली जातात म्हणून, आणि खडपावर पडलेलं तुमचं तंगूस त्याच जातीचं आहे, बगळ्याच्या पायात गेलं की तो सुटत नाही. मी एक रिकामी बाटली ठेवतो पिशवीत, तुकडे त्यात कोंबायचे, घरी आल्यावर वीत-वीत कापून कचऱ्यात.

जाता जाता, ब्रेडेड दाताने तोडू नका. तुटत नाही, दात हलतो. नेलकटरने पण नीट कापत नाही, टोक पिंजतं आणि मग गळाच्या डोळ्यातून जात नाही. धारदार छोटी कात्री दोऱ्याने रॉडच्या बॅगेला बांधून ठेवा, खिशात ठेवली की खडकावर वाकताना पाण्यात गेलीच समजा.