पावसाआधी चेनसॉच्या साखळ्यांना धार: काय काय हाताशी हवं

कोकणात चेनसॉला, म्हणजे साखळीच्या यांत्रिक करवतीला, धार लावायची ती मे महिन्यात, पंख्याखाली बसून, साखळी बारवरून (ती ज्या लांब पात्याभोवती फिरते त्यावरून) उतरवून. झाड वाटेवर आडवं झाल्यावर भर पावसात कानस घासत बसायचं नसतं. तेव्हा बोथट साखळी काढायची आणि डब्यातली धारेची चढवायची, एवढंच काम उरलं पाहिजे. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलं, तेव्हा श्रीवर्धनपासून दापोली-मंडणगडपर्यंत माड, पोफळी, आंबे कोसळले आणि कित्येक गावांत वीज आठवडेच्या आठवडे नव्हती. म्हणून माझ्या यादीत हाताची कानस पहिली, विजेचा ग्राइंडर नंतर.

आधी साखळ्या गोळा करा. एका बारला तीन असाव्यात आणि त्या आलटून पालटून वापराव्यात, म्हणजे स्प्रॉकेटबरोबर (साखळी फिरवणाऱ्या दातेरी चाकाबरोबर) तिन्ही सारख्या झिजतात. एकच साखळी संपेपर्यंत वापरून मग नवी चढवली, तर झिजलेलं स्प्रॉकेट नवीचीही वाट लावतं. उतरवताना इंजिन बंद आणि थंड, बॅटरीची करवत असेल तर बॅटरी काढून बाजूला, हातात जाड मोजे. प्रत्येक साखळीला वेगळा डबा आणि डब्यात चिठ्ठी: पिच (साखळीच्या कड्यांचं माप) किती, खालच्या ड्राइव्ह लिंक (बारच्या खाचेत धावणाऱ्या कड्या) किती, कानस कुठली. उतरवलेल्या साखळ्यांची सरमिसळ फार पटकन होते, आणि टेबलावर सगळ्या सारख्याच दिसतात.

कानस निवडणं ही यादीतली सर्वांत महत्त्वाची ओळ. दुकानदार ‘सगळ्यांना चालते’ म्हणून देईल ती घेऊ नका. साखळीवर किंवा बारवर माप कोरलेलं असतं. पुसलं गेलं असेल तर लागोपाठची तीन रिव्हेटं धरा आणि पहिलीच्या मध्यापासून तिसरीच्या मध्यापर्यंत मोजा; त्याचं निम्मं म्हणजे पिच. साधारण १६.५ मिलिमीटर भरलं तर ती ०.३२५ इंचाची साखळी, तिला ४.८ मिलिमीटरची गोल कानस. १९च्या आसपास भरलं तर ३/८ इंच, पण इथे फसगत होते: छोट्या करवतींवरच्या ठेंगण्या दातांच्या ‘लो प्रोफाइल’ साखळीला ४ मिलिमीटरची कानस लागते, आणि मोठ्या करवतीच्या पूर्ण उंचीच्या दातांना कंपनीप्रमाणे ५.२ किंवा ५.५ची. कानशी दोन-दोन घ्या. गुळगुळीत झालेली कानस दात कापत नाही, नुसती चोळते.

मग धुणं. आंब्याचा चीक, तेल आणि जांभ्याची धूळ यांचा थर दातांत घट्ट बसलेला असतो. पसरट भांडं, थोडं डिझेल, जुना टूथब्रश, पुसायला चिंध्या, विडी-काडी लांब. तेलकट दातावर कानस घसरते, म्हणून साखळी पूर्ण कोरडी हवी. पुसतानाच तडे, सैल रिव्हेटं आणि दाताच्या पाठीवरची झिजेची खूण बघून घ्या. खुणेपर्यंत आलेली साखळी भंगारात टाका. तिच्यावर कानस झिजवू नका.

साखळी हातात धरून धार लागत नाही. बेंच व्हाइस हवा, कोपराच्या उंचीला, आणि त्यात पकडायला जुना, टाकून दिलेला बार. नसेल तर सागाच्या दोन सरळ पट्ट्यांमध्ये ड्राइव्ह लिंक दाबून चार-पाच दात एका वेळी वर काढता येतात. दात डुलला की कोन गेला. बहुतेक साखळ्यांना ३० अंश चालतात. तेवढी रेघ फळीवर आखून ठेवा किंवा कानशीवर बसणारा मार्गदर्शक घ्या. दिवा बाजूने पाडा: बोथट धारेवर पांढरी रेघ चमकते, तीक्ष्ण धार प्रकाश परत पाठवत नाही. सुरुवातीच्या दातावर मार्करची खूण करा, नाहीतर दुसऱ्या फेरीत कुठून निघालो ते कळत नाही. व्हर्निअर कॅलिपरही जवळ असू द्या. सगळ्यांत तोकडा दात शोधून बाकीचे त्याच्या लांबीला आणायचे असतात. एका बाजूचे दात लांब राहिले की करवत ओंडक्यात तिरकी जाते.

दातापुढच्या रेकरसाठी (दात लाकडात किती खोल जाईल ते ठरवणाऱ्या उंचवट्यासाठी) चपटी कानस आणि पट्टीसारखं गेज लागतं. रेकर दाताच्या धारेपेक्षा साधारण ०.६५ मिलिमीटर खाली ठेवायचा. दर वेळी याला हात लावू नका, तीन-चार धारांनंतर तपासा. जास्त उतरवलात तर दात लाकडात रुततो आणि करवत उसळून अंगावर येऊ शकते. यात अंदाजपंचे चालत नाही.

ग्राइंडर लागतो तो कुंपणाच्या झाडात गेलेली तार किंवा खिळा लागून दात तुटतात तेव्हा. तिथे चष्मा आणि योग्य जाडीचं चाक ठेवा, आणि चाक क्षणभर टेकवून लगेच उचला. दात निळा पडला की पोलादाचं पाणी उतरतं आणि धार टिकत नाही.

शेवटी प्रत्येक डब्यात साखळी बुडेल एवढं बारचं तेल. रात्रभर भिजू द्या, निथळून ठेवा, आणि चढवल्यावर पहिल्या काही कापांनंतर करवत बंद करून ताण पुन्हा तपासा.