एसी लावला की डाव्या सीटखाली पाणी: माझा अनुभव

मे महिना, नागपुरात पारा 45 च्या घरात, पावसाचा थेंब नाही. तरी वर्धा रोडवर अर्धा तास कारचा एसी चालला की डाव्या सीटसमोरचा गालिचा चिंब. वास नाही, चिकटपणा नाही, म्हणजे कूलंट (इंजिन थंड ठेवणारं द्रव) नव्हतं. दाराचं रबर बदललं, काचेला सिलिकॉन भरलं. दोन रविवार आणि पैसे पाण्यात.

दोष एसीच्या ड्रेन पाइपात, म्हणजे एसीत साचणारं पाणी गाडीखाली सोडणाऱ्या नळीत होता. इंजिन थंड होऊ दिलं, हँडब्रेक ओढला, मागच्या चाकांना विटा लावल्या, डावी बाजू जॅकने उचलून स्टँडवर टेकवली. नुसत्या जॅकवरच्या गाडीखाली शिरायचं नाही. फायरवॉलच्या (इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्याच्या भिंतीच्या) खालच्या कडेला अंगठ्याएवढा काळा रबरी पाइप दिसला, कोरडा ठणठणीत. तार घातली नाही, आतली हवा गार करणारी कॉइल फुटू शकते. 50 मिलीच्या सिरिंजला मऊ नळी जोडून हवा आत न ढकलता बाहेर ओढली. तिसऱ्या ओढीला कडुलिंबाच्या काड्या, काळा चिखल आणि मागोमाग लिटरभर गार पाणी, थेट माझ्या बाहीत!

गाडी खाली घेऊन दहा मिनिटं एसी चालवला. खाली टपटप सुरू. गालिच्याखालचा फोम काढून गच्चीवर टाकला, दुपारपर्यंत कडक वाळला. आत येणाऱ्या हवेतला कचरा अडवणाऱ्या केबिन फिल्टरची जागा रिकामी होती, तोही बसवला.