मेळाव्याला जाताना तवा घेऊन जा

सिव्हिल इंजिनीअरिंगच्या विभागीय मेळाव्याला यंदा पहिल्यांदा उतरणार असाल, तर पुलाचं मॉडेल आणि क्विझ बाजूला ठेवा. क्विझचं काय, आदल्या रात्री काँक्रीटचा कोड, आयएस ४५६, चाळलं तरी निभावतं. माणूस मरतो तो क्यूबच्या स्पर्धेत: काँक्रीटचे ठोकळे ओतायचे आणि मशीनमध्ये दाबून फोडायचे.

आमचं ठिकाण जळगाव. फेब्रुवारीत कास्टिंग, बरोबर २८ दिवसांनी मेळाव्यात सगळ्यांसमोर टेस्टिंग. ग्रेड एम-४०, म्हणजे २८ दिवसांनी चौरस मिलिमीटरला ४० न्यूटनची ताकद. मिक्स ठरवायच्या आयएस १०२६२ कोडप्रमाणे टार्गेट ४८.२५ काढलं, पाणी-सिमेंटचं गुणोत्तर ०.४२ धरलं, आमच्या लॅबमध्ये तीनदा ट्रायल घेतल्या, तिन्ही पास. त्यामुळे डोक्यात हवा गेली होती, खोटं कशाला सांगू.

तिथे वाळूचा ढीग होता. वरून उन्हाने पांढराफटक. आम्ही फावडं आत घातलं आणि थेट वजन केलं. आतली वाळू मुठीत दाबली तर लाडू वळला असता, पण दाबून बघतो कोण! मिक्स मस्त सरकत होतं आणि आम्ही अ‍ॅडमिक्श्चरचं, म्हणजे मिक्स सैल करणाऱ्या रसायनाचं, कौतुक करत होतो.

आता हिशोब नीट बघा. तीन क्यूबना, वाया जाणारं धरून, आठेक किलो वाळू लागते. पाच टक्के ओल म्हणजे ४०० मिली पाणी. वाळू स्वतः शोषते ते एक टक्का, म्हणजे ८० मिली, वजा करा, ३२० उरलं. सिमेंट ४.८ किलो, आम्ही मोजून घातलेलं पाणी दोन लिटर. झालं २.३२. गुणोत्तर ०.४८! शिवाय पाण्याच्या वजनाइतकी वाळू कमी पडली, ते वेगळंच. कागदावर ०.४२, साच्यात ०.४८, आणि पाणी वाढलं की ताकद घटते. यात सिमेंटचा दोष नाही, मशीनचाही नाही.

पहिला क्यूब ८८० किलोन्यूटनला फुटला. म्हणजे चौरस मिलिमीटरला ३९ न्यूटन, चाळीसच्याही खाली. सरासरीही तिथेच. दुपारी भरीत-पुरी होती, माझ्या घशाखाली उतरेना.

सिनिअरांच्या मिक्सच्या एक्सेल शीटवर विसंबू नका. ती त्यांच्या वाळूची असते. आणि माझं मत विचाराल तर स्लाइड दाखवणाऱ्या सरांपेक्षा लॅब असिस्टंट काकांच्या मागे मागे फिरा. आमच्या काकांनी परत आल्यावर फुटलेला तुकडा हातात घेतला आणि म्हणाले, ‘‘वाळू ओली शे ना भो.’’ यंत्र नाही, रिपोर्ट नाही. मग गॅस पेटवून दाखवलं: ५०० ग्रॅम वाळू तव्यावर सुकेपर्यंत परतायची, परत तोलायची, फरक काढायचा. पंधरा-वीस मिनिटांचं काम. नमुना मात्र ढिगाच्या आतून घ्यायचा.

हे वाचून घाबरू नका. बाकीचं हाताला सवयीने येतं: साच्याला तेल, ठासणी, टाकीतून काढलेला क्यूब ओलाच मशीनवर आणि थापीने सपाट केलेला भाग वर-खाली न ठेवता बाजूला. पहिल्या वर्षी हरलेले कितीतरी जण पुढे बक्षीस घेऊन जातात. आम्हीही दुसऱ्या वर्षी तिसरे आलो.

त्या वर्षी मी घरून आईचा भाकरीचा तवा नेला होता. तो अजून लॅबमध्येच आहे. आईने भुसावळच्या बाजारातून दुसरा आणला, आणि त्यावर भाकरी फुगत नाही म्हणून मला अजून ऐकवते.